मॅनहॅटन बीचचा उतार

लॉस अँजेलीसच्या विमानतळावरून दक्षिणेकडे पॅसिफिक महासागराच्या कांठाकांठानें निघालें म्हणजे लहान लहान गांवें एकास एक लागून येतात. पहिलें एल सेगुंडो. सन १९११ मध्यें स्टँडर्ड ऑइल कंपनीनें कॅलिफोर्नियांतील आपला दुसरा तेलशुद्धीचा कारखाना येथें काढला आणि त्यावरून गांवासहि ‘दुसरें’ अशा अर्थाचें स्पॅनिश नांव पडलें. त्यापुढें मॅनहॅटन बीच, मग हर्मोसा बीच, मग रेडोंडो. प्रवासवर्णनें लिहिणारी मंडळी या बाजूस सहसा फिरकत नाहींत. हॉलीवुड पाहावें, डिस्नेलँड पाहावें, वेळ उरल्यास एखादें वस्तुसंग्रहालय पाहावें आणि पुढच्या विमानानें सॅन फ्रॅन्सिस्को गांठावें, असा त्यांचा क्रम असतो. आम्ही उभयतांनींहि तोच क्रम धरला असता. परंतु गेल्या हिवाळ्यांत आमचा मुक्काम टॉरन्स येथें चिरंजीवांकडे होता, आणि त्याच सुमारास आमच्या आठ वर्षांच्या नातवास त्याच्या बालवीर पथकांतून एक लांकडाचा ठोकळा मिळाला. त्या ठोकळ्यानें आम्हांस मॅनहॅटन बीचला नेलें.

ठोकळा म्हणजे पाइन लांकडाचा तुकडा; आपल्याकडे देवदारी खोक्याची फळी असते तसा मऊ, पिवळसर, हलका. लांबी ७ इंच, रुंदी पावणेदोन इंच, जाडी सव्वा इंच. त्याबरोबर प्लॅस्टिकचीं चार चाकें आणि आंस म्हणून चार खिळे. एवढ्या सामग्रींतून मुलानें आपल्या वडील माणसांच्या मदतीनें मोटार घडवावयाची आणि ठरल्या दिवशीं ती सुमारें चार फूट उंचीच्या उतरंडीवरून सोडावयाची. यंत्र नाहीं, स्प्रिंग नाहीं, ढकलणें नाहीं. पृथ्वी ओढील तेवढीच काय ती शक्ति. अमेरिकेंत या खेळास ‘पाइनवुड डर्बी’ म्हणतात, आणि तेथील लक्षावधि बापलेकांनीं आजवर असे ठोकळे तासले आहेत.

या खेळाचें जन्मस्थान म्हणजे मॅनहॅटन बीच. गांव वाळूच्या टेकड्यांवर वसलेला आहे. पूर्वीं येथें एवढी वाळू होती कीं, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत ती बोटींत भरून हवाई बेटांतील वायकीकीच्या किनाऱ्यावर नेऊन घातली. गांवांतील कित्येक रस्ते समुद्राकडे असे उतरतात कीं, वरच्या टोकाशीं उभे राहिल्यास रस्त्याच्या शेवटीं भिंतीसारखें निळें पाणी उभें दिसतें. मुख्य रस्ता थेट धक्क्यावर जातो. हा सिमेंट काँक्रीटचा धक्का १९२० सालचा असून त्याच्या टोकास कौलारू छपराची वाटोळी इमारत आहे. तिच्यांत मुलांसाठीं लहानसें मत्स्यालय मांडलें आहे. घराच्या पायरीवरून चेंडू निसटला तर तो समुद्रापर्यंत गडगडत जावा, असा हा गांव. उताराच्या शर्यतीची कल्पना येथें सुचली यांत आम्हांस कांहींच नवल वाटलें नाहीं.

परंतु उताराहूनहि महत्त्वाचें कारण गांवाच्या उत्तरेस होतें. विमानतळाच्या शेजारीं इंगलवुड येथें नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन या कंपनीचा कारखाना होता. दुसऱ्या महायुद्धांतील मस्टँग लढाऊ विमानें व मिचेल बाँबफेकी विमानें तेथें बनत; युद्ध संपल्यावर सेबर जेट आलें. आसपासच्या गांवांतून घरोघर विमानाच्या धंद्यांतील माणसें. डॉन मर्फी हे गृहस्थ त्याच कंपनींत कलाविभागाचे चालक होते आणि मॅनहॅटन बीचच्या २८०-सी या बालवीर पथकाचे नायकहि होते. त्या काळीं मुलांच्या ‘सोप बॉक्स डर्बी’चा मोठा बोलबाला होता. ओहायो संस्थानांतील डेटन शहरीं १९३३ मध्यें एका वृत्तपत्राच्या छायाचित्रकारानें खोक्यांच्या गाड्या करून उतारावरून हांकणारीं मुलें पाहिलीं आणि त्यांतून ती शर्यत निघाली; १९३५ पासून तिचा राष्ट्रीय सामना अॅक्रन शहरीं भरूं लागला. त्या गाडींत मुलानें स्वतः बसावयाचें असतें. मर्फींच्या दहा वर्षांच्या मुलाचें वय त्यासाठीं भरत नव्हतें. बापानें विचार केला कीं, मूल गाडींत बसण्याएवढें मोठें नसेल तर गाडीच मुलाच्या हातांत बसेल एवढी लहान करावी. कंपनीच्या व्यवस्थापक-मंडळानें खर्चाचा भार उचलला, आणि १५ मे १९५३ रोजीं गांवांतील स्काउट हाउसमध्यें पहिली शर्यत झाली. पंचावन्न मुलें होतीं. कोणाची गाडी आधीं पोंचली हें ठरविण्यास दारावरच्या घंटींचे भाग व बॅटरीवरचे दिवे जोडले होते. पुढच्याच वर्षीं ‘बॉइज लाइफ’ मासिकांत त्याची हकीकत आली आणि खेळ देशभर पसरला. सन २०१८ पासून या बालपथकांत मुलींसहि प्रवेश मिळाला, हेंहि येथें सांगितलें पाहिजे.

आतां आमच्या घरच्या ठोकळ्याकडे वळूं.

चिरंजीव पेशानें इंजिनियर. ठोकळा घरांत आला त्याच रात्रीं त्यांनीं कागदावर एक आकृति काढली: पुढें धारेसारखी पातळ, मागें किंचित् जाड, दाराखालीं सारावयाची पाचर असावी तशी. नातवानें ती पाहिली आणि म्हणाला, “बाबा, ही गाडी नाहीं. मला एस्टी करायची आहे.”

त्याच्या आदल्या वर्षीं तो हिंदुस्थानांत आला असतांना आम्हीं त्यास पुण्याहून गुहागरास एस्. टी. नें नेलें होतें. कुंभार्ली घाट, खिडकींतून येणारी धूळ, कंडक्टरची टिकटिक, हें सर्व त्याच्या मनांत ठसलें होतें. मराठी मात्र तो मोजकेंच बोले. आम्ही मराठींत विचारावें, त्यानें इंग्रजींत उत्तर द्यावें, असा महिनाभर शिरस्ता होता. ‘एस्टी करायची आहे’ हें त्याचें त्या मुक्कामांतील पहिलें धड मराठी वाक्य.

चिरंजीवांनीं त्यास शास्त्र समजावून देण्यास आरंभ केला. आणि शास्त्र खरेंच मनोरंजक आहे, म्हणून वाचकांसहि सांगतों. गाडीचें वजन ५ औंसांपेक्षां जास्त असूं नये असा नियम आहे. पांच औंस म्हणजे सुमारें १४२ ग्रॅम, आपल्या जुन्या मापानें बारा तोळ्यांहून किंचित् अधिक. जो तो या मर्यादेपर्यंत वजन भरण्याची खटपट करतो. कोणी म्हणेल, जड व हलकी वस्तु सारख्याच वेगानें खालीं येतात ही गोष्ट गॅलिलिओपासून सिद्ध आहे, मग वजनाचा हव्यास कां? खरें आहे; परंतु वाटेंत हवा अडविते आणि चाकें फिरविण्यांत कांहीं शक्ति जाते. हे खर्च गाडी जड असो वा हलकी असो, बहुतेक तेवढेच. घरभाडें ठरलेलें असलें म्हणजे मोठ्या पगारास तें कमी जाचतें, तसाच हा प्रकार.

दुसरी गोष्ट याहून सूक्ष्म. वजन गाडींत कोठें ठेवावें? उतरंडीवर गाडी उभी असते तेव्हां तिचें नाक खालीं व शेपूट वर असतें. वजन शेपटाकडे ठेवलें तर तें मुळांतच अधिक उंचावर असतें आणि सपाटीस येईपर्यंत त्यास अधिक उतरावें लागतें. चार फूट उतरलेल्या वस्तूस सेकंदास सुमारें १६ फुटांचा वेग येतो. वजन एक इंच मागें सरकविलें तर ढोबळ गणितानें शर्यतीच्या शेवटीं फार तर इंचभर आघाडी मिळते. पण कैक शर्यतींचा निकाल त्याहूनहि कमी अंतरानें लागतो! मात्र वजन फारच मागें गेलें तर पुढचीं चाकें हलकीं होऊन गाडी डुलूं लागते. म्हणून तोल मागच्या आंसाच्या पुढें सुमारें एक इंचावर साधावा असें जाणते सांगतात. ठोकळ्याच्या खालच्या अंगास आंसांसाठीं दोन आडव्या खांचा पाडलेल्या असतात. त्या दोहों टोकांपासून सारख्या अंतरावर नसतात, त्यामुळें ठोकळा उलटा फिरवून मागचा आंस अधिक मागें घेतां येतो.

या सर्वांतून चिरंजीवांचा निष्कर्ष असा कीं, लांकूड होईल तितकें तासून टाकावें आणि वांचलेलें वजन धातूच्या रूपानें मागें बसवावें. शिसें विषारी, म्हणून त्यांनीं टंगस्टन आणविला होता. शिसें पाण्याच्या सव्वाअकरापट जड, तर टंगस्टन एकोणीसपटीहून अधिक. बोटाच्या पेराएवढा तुकडा हातावर ठेवला तर हात आपोआप खालीं जातो. आणि एस्टी म्हणजे काय? जवळजवळ न तासलेला अखंड ठोकळा. ती केल्यास वजनाचा मोठा वांटा लांकडांतच जाणार, आणि तोहि लांबीभर सारखा पसरलेला.

“हिच्यांत जागाच उरत नाहीं,” असें म्हणून त्यांनीं पेन्सिल खालीं ठेवली. त्यांचें म्हणणें अगदीं बिनतोड होतें. नातवाचे डोळे भरले. सूनबाई कांहीं बोलल्या नाहींत. परंतु कणीक मळतांना परातीचा आवाज जरा मोठा झाला.

येथें आम्हांस अॅक्रनची एक जुनी गोष्ट आठवली. सन १९७३ मध्यें तेथील राष्ट्रीय शर्यतींत पहिल्या आलेल्या मुलाच्या गाडीच्या नाकांत विद्युच्चुंबक दडविलेला सांपडला. सुरुवातीची लोखंडी फळी खालीं पडतांच तिच्या ओढीनें गाडीस पहिला हिसका मिळे. युक्ति मुलाची नव्हती, ती त्याच्या काकांच्या साहाय्यानें झाली होती. मुलाचें बक्षीस गेलें, आणि ज्या वयांत आपलें नांव वर्तमानपत्रांत पाहून आनंद व्हावा त्या वयांत त्यास तें दुसऱ्याच कारणासाठीं पाहावें लागलें. चिरंजीव तसें कांहीं करणारे नव्हेत. परंतु वडील माणसाच्या हातांत एकदां कानस आली कीं खेळ कोणाचा हें विसरण्यास वेळ लागत नाहीं, असें आमचें मत आहे.

तोड मुलानेंच काढली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं ठोकळा डोळ्यांपुढें धरून तो बराच वेळ बसला होता. मग आम्हांकडे येऊन म्हणाला, “आजोबा, एस्टी आंतून रिकामी असते ना? आंत माणसें बसतात.”

आम्हीं त्यास तसेंच उचलून चिरंजीवांकडे नेलें. ते क्षणभर ठोकळ्याकडे पाहत राहिले आणि मग हंसले. महिनाभरांत असें मोकळें हंसतांना आम्हीं त्यांस पाहिलें नव्हतें. खालून ठोकळा कोरून काढावयाचा, पाव इंचाच्या भिंती ठेवावयाच्या, आणि टंगस्टन मागच्या बांकाच्या जागीं बसवावयाचा! ज्यांनीं एस्टीच्या मागच्या बांकावर बसून घाट उतरला आहे त्यांस या योजनेची यथार्थता वेगळी सांगावयास नको.

त्यानंतरचे दहाबारा दिवस गॅरेजमध्यें सुखाचे गेले. आमचे वडील हौसेनें सुतारकाम करीत. त्यामुळें पटाशी कशी धरावी एवढें आम्हांस माहीत होतें. चिरंजीवांनीं गिरमिटानें भोंकें पाडावीं, आम्हीं पटाशीनें पोकळी साफ करावी आणि नातवानें घासावें, अशी वांटणी झाली. पटाशी, रंधा, कानस, करवत, भुसा: या वस्तूंचीं इंग्रजी नांवें त्या पोरास माहीतच नव्हतीं. तेव्हां जी नांवें आमच्या तोंडून आलीं तींच त्याचीं झालीं. “आजोबा, कानस द्या,” हें ऐकतांना आमच्या कुटुंबास जें वाटलें तें त्यांनीं बोलून दाखविलें नाहीं, परंतु त्या दिवशीं रात्रीं गोड शिरा झाला.

वेगाचें खरें मर्म मात्र आकारांत नसून चार खिळ्यांत आहे, ही गोष्ट आम्हांस त्या गॅरेजमध्यें कळली. खिळा यंत्रांत ठोकून तयार होतो. त्याच्या डोक्याखालीं बारीक कंगोरे राहतात व ते चाकास आंतून खातात. ते प्रथम कानशीनें काढावे लागतात. मग खिळा गिरमिटाच्या तोंडांत धरून फिरवावयाचा आणि त्यावर ओल्या पॉलिश-पेपरची पट्टी, आधीं खरखरीत, मग बारीक, मग त्याहून बारीक, अशी धरावयाची. शेवटीं तो आरशासारखा झळकतो. हें काम नातवानें एकट्यानें केलें. चिरंजीव हात मागें बांधून शेजारीं उभे राहिले. त्यांस तें किती अवघड गेलें हें आम्ही पाहत होतों. वंगण म्हणून तेल चालत नाहीं, ग्रॅफाइटची कोरडी पूड घालतात. शिसपेन्सिलींतील तीच ही पूड. ती चाकांत गेली, हातांवर गेली आणि सूनबाईंच्या नव्या कोचावरहि गेली.

चारांपैकीं पुढचें एक चाक केंसभर वर उचलून बसविलें तर तें फिरविण्याची शक्ति वांचते आणि गाडी तिन्हीं चाकांवर धांवते. नातवाच्या पथकांत यास परवानगी होती. तो म्हणाला, “एस्टीचें चाक वर कसें?” आम्हीं सांगितलें कीं, आपल्याकडील रस्त्यांवर हा चमत्कार रोज पाहावयास मिळतो.

शर्यतीच्या आधींच्या रविवारीं आम्ही सर्व मॅनहॅटन बीचला गेलों. रंग सुकावयाचा होता म्हणून एस्टी घरीं राहिली. स्काउट हाउस पाहिलें, धक्क्यावर गेलों, आणि परततांना समुद्राकडे तोंड करून असलेल्या एका हिरव्या चढावर बसलों. या जागेस ‘ब्रूस बीच’ म्हणतात. येथें १९१२ साली विला ब्रूस या नीग्रो बाईनें जमीन घेतली, आणि पतीच्या साहाय्यानें आपल्या लोकांसाठीं समुद्रस्नानाचें विश्रांतिगृह चालविलें. कारण त्या काळीं इतर किनाऱ्यांवर त्यांस कोणी उभें करीत नसे. शेजाऱ्यांस तें खपलें नाहीं. सन १९२४ मध्यें नगरपालिकेनें सार्वजनिक बागेचें निमित्त करून ती जमीन सक्तीनें घेतली, आणि मग कित्येक वर्षें तेथें बाग केलीच नाहीं. अखेर २०२२ मध्यें ब्रूस कुटुंबाच्या वारसांस किनाऱ्यालगतची जमीन परत मिळाली. पुढच्या वर्षीं त्यांनीं ती सुमारें दोन कोट डॉलरांस काउंटीस विकली. पहिली लांकडी शर्यत झाली तेव्हां ही जमीन घेतल्यास एकोणतीस वर्षें झालीं होतीं. नातवानें पाटी वाचली आणि विचारलें, “त्यांना आधींच परत कां नाहीं दिली?” त्याचें उत्तर आम्हां कोणाजवळहि नव्हतें. चिरंजीवांनीं “चल, थंडी पडते आहे,” एवढेंच म्हटलें.

शनिवारीं एका शाळेच्या दिवाणखान्यांत शर्यत भरली. प्रथम तपासणी. काट्यावर गाडी ठेवावयाची. ५ औंसांवर गेली तर तेथेंच गिरमिट घेऊन लांकूड काढावयाचें. एकदां गाडी तपासून घेतली कीं ती निराळ्या टेबलावर जाते, मग बापानेंहि हात लावावयाचा नाहीं. मार्ग अॅल्युमिनियमचा, ४२ फूट लांब, चार पदरी. प्रत्येक गाडीस प्रत्येक पदरावरून एकदां धांवावें लागतें, म्हणजे एखादा पदर खडबडीत असला तरी अन्याय होत नाहीं. शर्यत तीन सेकंदांच्या आसपास आटोपते, आणि वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत पडद्यावर उमटते. त्या तीन सेकंदांसाठीं महिनाभर काम चाललेलें असतें.

टेबलावर बहुतेक गाड्या पाचरीसारख्याच होत्या. कित्येकांची सफाई पाहून आठ वर्षांच्या हातांविषयीं शंका यावी. एका मुलाचा ठोकळा तासलेलाहि नव्हता, वर नुसते खडूचे पट्टे ओढले होते. त्याच्याबरोबर त्याची आई होती. तो प्रत्येक वेळीं शेवटचा आला आणि प्रत्येक वेळीं हात वर करून नाचला. आमची लाल-पिवळी एस्टी टेबलावर मांडली तेव्हां मागच्या ओळींतून एक पोक्त बाई मोठ्यानें म्हणाल्या, “अगबाई, एस्टी!” त्या कोल्हापूरच्या निघाल्या. सगळ्या दिवाणखान्यांत ती ओळखणारी तेवढीच एक जागा, परंतु आमच्या नातवास ती पुरली.

पहिल्या धांवेंत एस्टी दुसरी आली. दुसऱ्या धांवेंत पहिली. चिरंजीव उभे राहिले. तिसऱ्या वेळीं ती मध्येंच किंचित् थरथरली आणि तिसरी आली. मागचें एक चाक अंगास घासत असावें. चिरंजीव कांसावीस होऊन व्यवस्थापकांकडे निघाले. दोन मिनिटें मिळालीं तर चाक ठीक करतां येईल असें त्यांस वाटत होतें, आणि विचारण्यास कांहीं हरकतहि नव्हती. नातवानें त्यांचा सदरा धरला.

“राहूं दे, बाबा. एस्टी अशीच जाते.”

चौथ्या धांवेंत ती पुन्हां तिसरी आली. एकंदर एकेचाळीस गाड्यांत तिचा क्रमांक नववा लागला. पहिल्या तिघांस करंडक मिळाले. ते तिघेहि पाचरवाले. नातू थोडा वेळ गप्प होता. मग त्यानें खडूच्या पट्ट्यांच्या मुलास आपली एस्टी उलटी करून आंतली पोकळी दाखविली, आणि मागचें बांक कोठें आहे तें बोट घालून सांगितलें.

आम्ही परत येऊन आतां चार महिने झाले. गेल्या आठवड्यांत चिरंजीवांचा फोन आला. पुढच्या वर्षींच्या ठोकळ्याची दाभोळच्या खाडींतील फेरीबोट करावयाची असें ठरलें आहे. तिच्या पुढच्या झडपेचें काय करावें यावर घरांत वाद चालू आहे. बोहरी आळींतून दोन बारीक कानशी आणि एक अर्ध्या इंची पटाशी पाठवा, तिकडच्या हातांत नीट बसत नाहींत, असें ते म्हणाले. मग नातू फोनवर आला आणि “कानस” म्हणतांना त्यानें ‘स’ जरा लांबविला.